व्हीलचेअर वाटपाच्या पुढचं काम: तुटपुंज्या बळावर पुनर्वसन आणि सहायक साधनांची सेवा कशी उभारावी

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ साली सहायक साधनांवरचा पहिला जागतिक अहवाल काढला. त्यातल्या अंदाजानुसार जगात अडीच अब्जांहून अधिक लोकांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर, कृत्रिम पाय यांपैकी किमान एखादं साधन लागतं आणि त्यांतल्या जवळपास एक अब्ज लोकांना ते मिळत नाही. काही श्रीमंत देशांत गरजूंपैकी ९० टक्के लोकांपर्यंत साधन पोचतं, तर काही गरीब देशांत जेमतेम ३ टक्के लोकांपर्यंत.

या दरीबद्दल बरंच बोललं जातं. मिळालेलं साधन काही आठवड्यांत भिंतीला टेकून पडतं, त्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. खुर्ची मापाची नव्हती, गादी दिलीच नव्हती, टायर बसला आणि ट्यूब मिळाली नाही, वापरायचं कसं ते कोणी दाखवलं नाही, अशी कारणं असतात आणि यांतलं प्रत्येक कारण आधीच टाळता येतं. जिल्हा पातळीचं रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा एखादी स्थानिक संस्था थोड्या माणसांच्या बळावर ही सेवा सुरू करणार असेल, तर कामाचा क्रम काय ठेवावा आणि कुठे गफलत होते, हे इथे मांडलं आहे.

आधी गरज मोजा, तीही योग्य प्रश्न विचारून

"घरात कोणी अपंग आहे का?" असं दारात उभं राहून विचारलं की उत्तर बहुधा "नाही" असंच येतं. कधी संकोच असतो. कधी घरच्यांना खरोखरच तसं वाटत नसतं, कारण आजीला ऐकू येत नाही ते वयामुळे, असं त्यांनी धरलेलं असतं. म्हणून वॉशिंग्टन गटाचे (अपंगत्व मोजण्याच्या पद्धती ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा गट) सहा प्रश्न वापरा. दिसण्यात, ऐकण्यात, चालण्यात किंवा पायऱ्या चढण्यात, लक्षात ठेवण्यात, अंघोळ-कपडे अशी स्वतःची कामं करण्यात आणि दुसऱ्यांशी बोलण्या-समजण्यात अडचण येते का, एवढंच त्यांत विचारलेलं असतं. उत्तरं चार: अजिबात नाही, थोडी, बरीच, मुळीच जमत नाही. 'अपंग' हा शब्द कुठेही उच्चारायचा नाही. मोजणीसाठी 'बरीच' आणि त्यापुढची उत्तरं धरतात, पण चष्मा आणि श्रवणयंत्राच्या बाबतीत 'थोडी' म्हणणाऱ्यालाही तपासणीला बोलवा. लहान मुलांसाठी युनिसेफसोबत तयार केलेली वेगळी प्रश्नावली आहे, तीच वापरा. मोठ्यांचे प्रश्न मुलांना लावले की शिकण्यातल्या आणि वागण्यातल्या अडचणी सुटून जातात.

घरातल्या प्रत्येक माणसाबद्दल नाव घेऊन विचारा. अंथरुणाला खिळलेली बाई आणि घरात कोंडलेलं मूल एकत्रित उत्तरात हमखास गळतात.

पाहणी चालू असतानाच आणखी दोन याद्या करा. पहिली, परिसरात कोणती कौशल्यं आहेत याची: फिजिओथेरपिस्ट, नर्स, शिक्षक यांच्याबरोबर सायकल दुरुस्त करणारा, वेल्डर, सुतार, शिंपी, चांभार. दुसरी, घराघरांत पडून असलेल्या मोडक्या साधनांची. ही दुसरी यादी फार मोलाची ठरते. एका नव्या खुर्चीच्या खर्चात अनेक जुन्या खुर्च्या चालू होऊ शकतात. शिवाय नेमकं काय मोडतं हे कळल्यामुळे पुढची खरेदीही शहाणपणाने होते.

कुठल्या साधनांपासून सुरुवात करावी

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली ५० प्राधान्याच्या सहायक साधनांची यादी केली. ती सगळी पहिल्या वर्षी द्यायला निघू नका. पाच-सहा निवडा आणि त्यांची विभागणी कोण देऊ शकेल यावरून करा. वाचनाचा तयार चष्मा, काठी, कुबड्या, वॉकर, शौचाची खुर्ची, अंघोळीचं स्टूल आणि औषधांची कप्प्यांची डबी ही साधनं प्राथमिक आरोग्य केंद्रातला कर्मचारी थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणानंतर देऊ शकतो. साधी व्हीलचेअर आणि प्रौढांचं सोपं श्रवणयंत्र देणाऱ्याला त्याहून जास्त प्रशिक्षण आणि वरच्या तज्ज्ञाची देखरेख लागते. कृत्रिम अवयव, बसताना तोल न राहणाऱ्या मुलाची खास खुर्ची आणि लहान मुलाचं श्रवणयंत्र ही तज्ज्ञांचीच कामं आहेत. तिथे तुमच्या केंद्राने माणूस वेळेत पुढे पाठवावा आणि परत आल्यावर त्याला सांभाळावं.

अनेक गरीब देशांत दहा लाख लोकसंख्येमागे प्रशिक्षित पुनर्वसन कर्मचारी दहासुद्धा नाहीत. तज्ज्ञाची वाट पाहत बसलं तर काठीसुद्धा देता येणार नाही. पण याचा अर्थ कोणीही काहीही द्यावं असाही नाही. कोणी काय द्यायचं आणि कुठे थांबायचं, हे लेखी ठरवून भिंतीवर लावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक पातळीवरच्या कर्मचाऱ्यांसाठी 'टॅप' नावाचा ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य ठेवला आहे. निवड, बसवणं, वापर शिकवणं आणि पाठपुरावा या चार पायऱ्यांवर तो बेतलेला आहे. प्रशिक्षणाची सुरुवात तिथून करा, मात्र प्रत्यक्ष माणसांवर देखरेखीखाली सराव झाल्याशिवाय कोणालाही एकट्याने साधन देऊ देऊ नका.

व्हीलचेअर: इथे घाई सर्वांत महाग पडते

चुकीच्या काठीने गैरसोय होते. चुकीच्या व्हीलचेअरने माणूस दगावू शकतो. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला कमरेखाली अनेकदा संवेदना नसते. बसण्याच्या हाडांखाली दाब साचतो, रक्तपुरवठा थांबतो, कातडी मरते आणि त्याला काहीच जाणवत नाही. जखम हाडापर्यंत गेली, जंतुसंसर्ग रक्तात पसरला की वाचवणं कठीण होतं. म्हणून गादीशिवाय खुर्ची द्यायचीच नाही. हा नियम आमच्या मते कुठल्याही सबबीवर मोडू नये.

तपासणीला किमान एक तास ठेवा. आधी बोला: दिवसाचे किती तास खुर्चीत जाणार, रस्ता कसा आहे, दाराची रुंदी किती, शौचालयापर्यंत कसं जाणार, खुर्चीत उतरतात कसे, वाहनात न्यावी लागेल का, पूर्वी दाबाची जखम झाली होती का. मग आडोशाला, परवानगी घेऊन कातडी बघा: बसण्याची हाडं, माकडहाड, मांडीच्या बाजूची हाडं, टाचा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर ती सुरू झालेली जखम समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हात लावून गरमपणा किंवा कडकपणा पाहा.

माप घेताना माणसाला टणक, सपाट जागेवर ताठ बसवा आणि पायांखाली आधार द्या. मऊ खाटेवर घेतलेलं माप चुकतंच. नितंबांची सर्वांत जास्त रुंदी ही सीटची रुंदी. माप पट्टीने शरीराला गुंडाळून घ्यायचं नाही. दोन्ही बाजूंना पुठ्ठा किंवा पुस्तक उभं धरून त्यांच्यातलं अंतर मोजा. पाठीमागून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतचं अंतर दोन्ही पायांचं घ्या. कमी असेल ते धरून त्यातून ३ ते ६ सेंटीमीटर वजा करा, की सीटची खोली मिळते. गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंतची लांबी, नेहमीची पादत्राणं घालून मोजली, की गादीच्या वरच्या पृष्ठभागापासून फूटरेस्ट किती खाली हवं ते ठरतं. पाठीचा टेकू किती उंच हवा, यासाठी बसण्याच्या जागेपासून शेवटच्या बरगडीपर्यंत आणि खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकापर्यंत अशी दोन मापं घ्या. धड स्वतः पेलणाऱ्याला बरगडीपर्यंतचा टेकू पुरतो आणि हातांना चाकं ढकलायला मोकळीक मिळते. ज्याला आधार जास्त लागतो त्याला टेकू फऱ्यापर्यंत द्या.

सीट फार रुंद असेल तर माणूस एका बाजूला कलतो आणि चाकं गाठताना खांदे दुखावतात. अरुंद सीट मांडीच्या बाजूला घासते. फार खोल सीट गुडघ्यामागे रुतते, मग माणूस पुढे सरकतो आणि माकडहाडावर बसू लागतो. फूटरेस्ट फार वर असेल तर मांड्या गादीवरून उचलल्या जातात आणि सगळं वजन बसण्याच्या हाडांवर येतं. फार खाली असेल तर पाय लोंबतात आणि फूटरेस्ट उंचवट्यांना अडकतं. फूटरेस्ट आणि जमीन यांच्यात साधारण ५ सेंटीमीटर अंतर ठेवा.

खुर्चीची निवड रस्ता पाहून करा. रुग्णालयाच्या फरशीसाठी बनवलेल्या घडीच्या खुर्चीची पुढची चाकं लहान आणि कडक असतात. मऊ मातीत ती रुततात, दगडाला अडून थांबतात आणि माणूस पुढे फेकला जातो. खडबडीत वाटेवर पुढची चाकं मोठी आणि रुंद हवीत, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जास्त हवं. पुढे एकच मोठं चाक असलेल्या लांब तीनचाकी खुर्च्या याच कारणासाठी बनवल्या गेल्या. पण लांब खुर्ची लहान खोलीत वळत नाही. घराचं दार मोजायला विसरलात तर उत्तम खुर्ची अंगणातच राहते. मागच्या चाकांचा टायर सायकलच्या प्रचलित मापाचा आहे का, हे खरेदीपूर्वी पाहा.

खुर्ची बसवल्यावर दाबाची चाचणी करा. यंत्र लागत नाही. हातमोजा घालून, बोटांची टोकं वरच्या बाजूला ठेवून, माणूस गादीवर बसलेला असताना एका बसण्याच्या हाडाखाली घाला. टोकं वर-खाली ५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त हलत असतील तर दाब सुरक्षित. हलत नाहीत पण बोटं सहज बाहेर सरकतात, तर इशारा. बोटं चेपली जाऊन ओढून काढावी लागतात, तर ती गादी चालणार नाही. दोन्ही बाजूंना हे करा, कारण माणूस तिरका बसत असेल तर एक बाजू सुरक्षित आणि दुसरी धोक्याची निघते. इशारा मिळाला तर आधी फूटरेस्टची उंची तपासा, मग सीटचं कापड झोळीसारखं लोंबतंय का पाहा, आणि मग गादी बदला. बसण्याच्या हाडांखाली खळगा केलेली, खाली कडक आणि वर मऊ अशा दोन थरांची फोमची गादी बऱ्याच ठिकाणी स्थानिक कारागीर बनवू शकतो. तिला पाणी न शोषणारं पण ताणलं जाणारं कव्हर हवं. ताठ कडक कव्हरामुळे फोमचा मऊपणा वाया जातो. गादी उलटी किंवा मागची बाजू पुढे ठेवली जाणं ही रोजची चूक आहे. पुढच्या कडेवर मोठी खूण शिवून घ्या.

शिकवण्याशिवाय खुर्ची बाहेर पडू देऊ नका. चढण्या-उतरण्यापूर्वी ब्रेक लावणं, उतारावर वेग हाताने आवरणं, मदतनिसाने पायरी मागच्या बाजूने कशी चढवायची, खुर्ची कशी घडी करायची आणि दाब कसा हलवायचा, हे सगळं करून घ्या. दाब हलवण्यासाठी दर अर्ध्या तासाने पुढे वाकून किंवा आळीपाळीने एकेका बाजूला झुकून साधारण दोन मिनिटं थांबायचं. हातांवर उचलून धरायची पद्धत वर्षानुवर्षं केली तर खांदे झिजतात, म्हणून झुकण्याची सवय लावा. रोज रात्री आरशात किंवा घरच्यांच्या मदतीने कातडी पाहायची. लाली दिसली तर ती जाईपर्यंत त्या भागावर बसायचं नाही.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेलं मूल, ज्याचं डोकं किंवा धड स्वतःच्या बळावर सावरत नाही, त्याला साधी खुर्ची देऊन प्रश्न सुटत नाही. ते घसरतं, पाठीला बाक येतो आणि अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. त्याला आधार असलेली खुर्ची आणि ती बसवणारा तज्ज्ञच हवा.

घराच्या दाराशी उतार करायचा तर उंचीच्या किमान बारापट लांबी धरा: ३० सेंटीमीटरच्या पायरीला ३ मीटर ६० सेंटीमीटर. त्याहून उभा उतार एकट्या माणसाला चढवत नाही आणि उतरताना खुर्ची निसटते.

काठी, कुबड्या, वॉकर

पादत्राणं घालून ताठ उभं राहिल्यावर, हात सैल सोडलेला असताना मनगटाची घडी जिथे येते तिथे काठीची मूठ हवी. धरल्यावर कोपर थोडं वाकतं, साधारण २० ते ३० अंश. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात, आणि हे एवढं सुधारलं तरी चाल लगेच बदललेली दिसते. अर्धांगवायूत दुसरा पर्यायच नसतो, काठी चांगल्या हातातच असते.

काखेतल्या कुबडीचा वरचा टेकू काखेखाली दोन-तीन बोटं राहिला पाहिजे. वजन तळहातांवर घ्यायचं. काखेवर रेललं तर तिथली नस दबते आणि मनगट लुळं पडू शकतं. टोकाचं रबर झिजून गुळगुळीत झालं की ओल्या जमिनीवर घात होतो. काठीबरोबर जादा रबर द्या, खर्च नगण्य आहे.

कृत्रिम पाय: काम शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं

पाय कापल्यानंतर कृत्रिम पाय मिळेपर्यंत कित्येक महिने जातात, आणि या काळात काही केलं नाही तर नंतर उत्तम पायसुद्धा बसत नाही. सर्वांत नेहमीचं नुकसान सांधा आखडण्याचं. गुडघ्याखाली पाय कापला असेल तर आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवतात आणि गुडघा वाकलेलाच आखडतो. उशी नकोच. बसताना स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, लोंबता ठेवू नका, फळीचा आधार देऊन गुडघा सरळ ठेवा. गुडघ्यावर कापला असेल तर रोज दोन-तीनदा वीसेक मिनिटं पालथं झोपायचं, म्हणजे खुबा सरळ राहतो. सूज उतरण्यासाठी इलॅस्टिक बँडेज तिरक्या आठच्या आकड्यासारखं बांधायचं, टोकाला घट्ट आणि वर जाताना सैल. आडवे वेढे घट्ट आवळले तर टोकाला सूज साचते आणि स्टंपला गोळा येतो. सुटलं की पुन्हा बांधायचं, दिवसातून अनेक वेळा. घरच्या एका माणसाला हे पक्कं शिकवल्याशिवाय घरी सोडू नका.

पाय मिळाल्यावर पहिल्या वर्षात स्टंप आकसत जातो आणि सॉकेट (कृत्रिम पायाचा, स्टंप ज्यात बसतो तो पोकळ भाग) सैल होतं. आधी स्टंपवर एक जादा मोजा चढवायचा, मग दोन. मोज्यांचे थर वाढतच चालले की सॉकेट बदलायची वेळ आली. मोजे रोज धुवायचे, सॉकेट रात्री ओल्या फडक्याने पुसून वाळवायचं. मुलांचं हाड वाढत राहतं, त्यांना साधारण दर वर्षी नवा पाय लागतो, म्हणून मुलाला एकदाच पाय देणाऱ्या शिबिराने त्याची गरज भागत नाही.

कमी साधनांच्या भागांत दोन तंत्रं टिकली आहेत. एक म्हणजे १९६८ साली जयपूरमध्ये रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला रबरी पाय. अनवाणी चालता येईल, उकिडवं बसता येईल आणि चिखलपाण्यात टिकेल, अशा हिशोबाने तो केलेला आहे. दुसरं म्हणजे रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने १९९० च्या दशकात रूढ केलेलं पॉलिप्रॉपिलीनचं तंत्र. हे प्लास्टिक स्वस्त असतं, ओलीने कुजत नाही आणि पुन्हा गरम करून आकार दुरुस्त करता येतो. तंत्र कुठलंही असो, ते पोचवणाऱ्या केंद्राकडे दुरुस्तीची सोय आहे का, हाच पहिला प्रश्न विचारा.

चष्मा आणि श्रवणयंत्र

चाळिशीनंतर जवळचं धूसर होणाऱ्यांना तयार वाचनाचा चष्मा पुरतो. ४० सेंटीमीटरवर तक्ता धरून अधिक १.०० पासून अर्ध्या-अर्ध्याने वाढवत जा आणि स्पष्ट वाचता येणारा सर्वांत कमी नंबर द्या. डोळा लाल असेल, दुखत असेल, दृष्टी अचानक गेली असेल, मधुमेह असेल किंवा चष्मा लावूनही दूरचं दिसत नसेल, तर चष्मा देऊन परत न पाठवता नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा.

श्रवणयंत्र बंद पडलं म्हणून आणतात तेव्हा आधी तीन गोष्टी पाहा: बॅटरी, नळीत किंवा कानात बसणाऱ्या साच्यात अडकलेला मळ, आणि घाम-दमटपणा. झिंक-एअर बॅटरीची पट्टी काढली की ती वापरा न वापरा, झिजायला लागते, म्हणून एकदम सगळ्या पट्ट्या काढून ठेवू नयेत. रात्री यंत्राचं बॅटरीचं दार उघडं ठेवून ते सिलिका जेलच्या बंद डबीत ठेवलं तर आयुष्य वाढतं. शिट्टी वाजते ती बहुधा साचा सैल झाल्यामुळे किंवा कानात मळ असल्यामुळे. मुलांचा कान वाढत असल्याने साचा दर काही महिन्यांनी बदलावा लागतो. बॅटरी कायम कुठून मिळणार, हे ठरल्याशिवाय एकही यंत्र वाटू नका.

पाठपुरावा तुटला की उपचार कसा वाया जातो: वाकड्या पावलाचं उदाहरण

जन्मतः आत वळलेल्या पावलासाठी पॉन्सेटी पद्धत जगभर वापरली जाते आणि कमी साधनांतही ती उत्तम चालते. दर आठवड्याला हळुवार ताणून मांडीपर्यंत प्लास्टर, साधारण पाच-सहा वेळा. मग बहुतेक बाळांत टाचेमागची शीर भूल देऊन छोटा छेद घेऊन सैल करतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. पाऊल सरळ दिसू लागतं आणि आई-वडिलांना वाटतं, झालं. खरी परीक्षा तिथून सुरू होते. दांड्याला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि त्यानंतर मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रात्री झोपताना घालावे लागतात. बूट सुटले की पाऊल पुन्हा वळतं. यश बव्हंशी या बुटांवर अवलंबून आहे. म्हणून बूट देताना पुढच्या मापाचा जोड कधी लागेल ती तारीख, न आल्यास फोन कोण करणार त्याचं नाव, आणि मूल रडलं तर काय करायचं याची समजूत, तिन्ही एकाच बैठकीत द्या.

अर्धांगवायूच्या माणसाचंही तसंच आहे. लुळ्या हाताला धरून ओढत उठवू नये, खांदा निखळतो आणि नंतर महिनोन्‌महिने दुखतो. ही एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पहिल्या भेटीतच सांगितली पाहिजे.

देणग्या आणि खरेदी

देणगीत आलेल्या खुर्च्या नाकारणं अवघड जातं, तरी काही अटी लेखी ठेवा: निदान तीन-चार वेगवेगळ्या मापांत, प्रत्येकीबरोबर गादी, सुटे भाग आणि पाने, तुमच्या रस्त्याला योग्य चाकं. एकाच मापाच्या शंभर खुर्च्यांपेक्षा पाच मापांतल्या चाळीस जास्त लोकांना उपयोगी पडतील. खरेदी करताना खुर्ची आयएसओ ७१७६ या मानकाप्रमाणे तपासलेली आहे का, हे निविदेत विचारा. बेअरिंग, टायर, ट्यूब, स्पोक स्थानिक बाजारात मिळणाऱ्या मापाचे आहेत का, हेही लिहून घ्या. एकूण रकमेतला ठरावीक हिस्सा सुट्या भागांसाठी आणि पाठपुराव्याच्या प्रवासासाठी आधीच बाजूला काढा. नंतर तो मिळत नाही.

आयात करत असाल तर जकातीची चौकशी माल बंदरात येण्यापूर्वी करा. युनेस्कोचा १९५० चा फ्लॉरेन्स करार आणि त्याला जोडलेला १९७६ चा नैरोबी प्रोटोकॉल यांत अपंग व्यक्तींसाठीच्या वस्तूंना जकात माफीची तरतूद आहे. तुमच्या देशाने त्यांवर सही केली आहे का, आणि कुठले दाखले लागतात, हे आधी शोधा.

पैसे कुठून, आणि कशासाठी

साधन मोफत असलं तरी लांबून येणाऱ्याला गाडीभाडं, मुक्काम, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोजगार हे सगळं पडतं, आणि लोक दुसऱ्या फेरीला येत नाहीत ते यामुळे. फेऱ्या कमी करा: तपासणी आणि माप एका दिवसात, बसवणं आणि शिकवणं दुसऱ्या. पाठपुरावा शक्य तितका घराजवळच्या आरोग्य केंद्रात. प्रवासखर्चाला अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ ठेवा.

सरकारकडे मागणी करताना हाताशी आधार आहेत. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या कराराची कलमं २० आणि २६, सहायक साधनांवरचा जागतिक आरोग्य सभेचा २०१८ चा ठराव, आणि आरोग्यव्यवस्थेत पुनर्वसन बळकट करण्याचा २०२३ चा ठराव. त्यांचा उल्लेख करून नेमकी, लहान मागणी करा: जिल्हा रुग्णालयात एक पद, औषधांच्या यादीप्रमाणे साधनांची यादी, विमा योजनेत दुरुस्तीचा समावेश. मोठ्या, मोघम मागणीपेक्षा अशी मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त असते.

दुरुस्ती आणि नोंदी

एका पेटीत हे ठेवा: हवेचा पंप, पंक्चरचं सामान, स्पोक पाना, लहान-मोठे पाने, अ‍ॅलन की, स्क्रूड्रायव्हर, ग्रीस, जादा ट्यूब, पुढच्या चाकांचे बेअरिंग, नट-बोल्ट, काठीची रबरं. सायकल दुरुस्त करणाऱ्याला एक दिवस बोलवून खुर्ची उलगडून दाखवा, त्याला बहुतेक काम आधीच येत असतं. वापरणाऱ्याने आठवड्याला हवा आणि ब्रेक पाहायचे. ब्रेक लागत नाही अशी तक्रार आली तर आधी हवा भरा: बहुतेक खुर्च्यांचा ब्रेक टायरवर दाबून लागतो, त्यामुळे टायर मऊ पडला की ब्रेक धरत नाही. महिन्यातून एकदा स्पोक, पुढच्या चाकांतली गुंतलेली धूळ-केस, ढिले बोल्ट आणि सीटचं कापड. गादीचा फोम दाबून सोडल्यावर पूर्ववत होत नसेल तर ती बदला.

पाठपुराव्याचं वेळापत्रक सगळ्यांना सारखं ठेवू नका. संवेदना नसलेल्या माणसाला दोन-तीन आठवड्यांत पहिली भेट. वाढत्या मुलाला दर तीन ते सहा महिन्यांनी. काठीवाल्याला एक फोन पुरेल. नोंदीत नाव, गाव, फोन, साधन आणि माप, दिल्याची तारीख, दाबाच्या जखमेचा धोका, पुढच्या भेटीची तारीख आणि ती झाली का, एवढं असलं की पुरे. महिन्याच्या अहवालात 'किती वाटली' याच्या शेजारी 'सहा महिन्यांनी किती वापरात आहेत' हा रकाना असलाच पाहिजे. तो भरायची वेळ आली की सेवेची कुठली कडी कच्ची आहे ते आपोआप दिसतं.

साधन परत आलं, म्हणजे मूल मोठं झालं किंवा वापरणारा गेला, तर फ्रेम साबणाच्या पाण्याने धुऊन, बोल्ट तपासून, चाकं बदलून ती पुन्हा देता येते. मात्र नव्या माणसाची मापं नव्याने घ्या आणि गादी कधीच पुढे देऊ नका. आधीच्या शरीराच्या वजनाने तिचा फोम बसलेला असतो आणि दाबाची चाचणी ती नेमकी तिथेच नापास होते.